पाणी गेल्यानंतर

मुंबईत पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी जंतूंची तपासणी करते, हे कळलं की लग्नकार्यात, लोकलमध्ये, अगदी दवाखान्याच्या रांगेतसुद्धा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग आमच्या नळाचं पाणी प्यायचं का हो?" या प्रश्नाला पटकन हो किंवा नाही म्हणणं मला जमत नाही. माझ्या टेबलावर आज जो अहवाल आहे तो कालच्या, नाहीतर परवाच्या पाण्याचा आहे. नमुन्यातले जंतू वाढून त्यांची खूण दिसायला 24 ते 48 तास लागतात. तेवढ्या वेळात ते पाणी लोकांनी पिऊन, त्यात डाळ-भात शिजवून, मुलांच्या शाळेच्या बाटल्या भरून संपवलेलं असतं.

मग तपासायचं तरी कशाला? कारण उद्याचं पाणी त्याच वाटेने येणार असतं. वाटेत कुठे घाण शिरत असेल तर ती उद्याही शिरणार, परवाही शिरणार. कुठल्या गल्लीत, कुठल्या वेळेला काय घडतं याचा माग आमच्या आकड्यांतून लागतो. 'पिण्यायोग्य' असा शेरा मारणं हा आमच्या कामाचा सगळ्यांत लहान भाग आहे. खरं काम हा माग काढण्याचं आहे आणि त्याबद्दल लोकांना फार कमी माहिती असते, म्हणून हे लिहिते आहे.

मुंबईला रोज साधारण 3,850 दशलक्ष लिटर पाणी सात तलावांमधून मिळतं. त्यातले विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतच आहेत. विहारचं पाणी 1860 साली आलं, तुळशीचं 1879 मध्ये. तानसा 1892 चा. भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा हे पुढचे, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतले. यातलं बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांतून जातं. तुरटीसारखं रसायन घालून गाळाचे गोळे बनवायचे, ते तळाशी बसू द्यायचे, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं आणि मग क्लोरीन द्यायचा. तिथून ते ठिकठिकाणच्या जलाशयांत पोचतं. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये फिरायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की त्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईच्या पाण्याचा साठा आहे?

केंद्रातून बाहेर पडताना पाणी उत्तम असतं. आमचं कोडं शेवटच्या काही शे मीटरचं आहे. रस्त्याखालच्या वाहिनीतून गल्लीत, गल्लीतून चाळीत, चाळीतून मोरीतल्या नळापर्यंत.

आपल्या बहुतेक शहरांत नळाला पाणी दिवसातले काही तासच येतं. उरलेला वेळ पाइप रिकामा, निदान अर्धा रिकामा असतो. पाणी चालू असताना आतला दाब बाहेर ढकलणारा असतो. पाइपाला बारीक चीर असली तर पाणी बाहेर गळतं, बाहेरचं आत येत नाही. पुरवठा बंद झाला की उताराच्या खालच्या घरांत उरलेलं पाणी ओघळतं आणि वरच्या भागात पोकळी तयार होते. ड्रॉपरचा रबरी फुगा सोडल्यावर नळीत औषध चढतं, तसं त्या चिरेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. आणि बाहेर काय असतं? आपल्याकडे पाण्याचा पाइप आणि गटार शेजारी शेजारी असतात. दाट वस्तीत तर पाइप गटारातूनच जातो, कारण दुसरी जागाच नसते. त्यात कुणी थेट नळाला मोटर जोडली की पुरवठा चालू असतानासुद्धा शेजारच्या पाइपात ही ओढ तयार होते. मोटर लावणाऱ्याला आपण फक्त शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी घेतो असं वाटत असतं.

कर्नाटकात हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांत 24 तास आणि बाकीच्या वॉर्डांत अधूनमधून पाणी येत होतं. स्रोत तेच, शुद्धीकरण तेच. संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासून 2013 मध्ये निष्कर्ष छापले. अधूनमधून येणाऱ्या पाण्यात विष्ठेच्या जंतूंची खूण कितीतरी अधिक वेळा सापडली. आपल्याकडे कराडजवळच्या मलकापूरने 24 तास पाणी देऊन दाखवलं, तेव्हा वर्तमानपत्रांत कौतुक झालं ते सोयीचं. मला त्यातली मोठी गोष्ट ही वाटते की तिथले पाइप रिकामे राहत नाहीत.

नळावर गेल्यावर आमची पहिली तपासणी, क्लोरीनची, दोन मिनिटांत होते. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, डीपीडीची गोळी टाकायची, गुलाबी रंग आला की तो शेजारच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा. गावाकडे ग्रामपंचायतीत ज्यांनी ओटी टेस्ट पाहिली आहे त्यांना पिवळा रंग आठवेल. तपासणी तीच, रसायन निराळं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 सांगतं की नळाला पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, आणि विषाणूंचा धोका असेल तर 0.5. हा शिल्लक क्लोरीन वाटेतल्या पहाऱ्यासाठी ठेवलेला असतो. पाण्यात घाण शिरली की तो तिच्याशी झुंजण्यात खर्ची पडतो. म्हणून गल्लीच्या तोंडाशी रंग गडद आणि आठव्या घराशी पाणी बिनरंगाचंच, असं दिसलं की प्रयोगशाळेची वाट न पाहता समजायचं की या दोन ठिकाणांच्या मध्ये काहीतरी आहे. लोक क्लोरीनच्या वासाची तक्रार करतात. मी त्यांना सांगते, वास येतो तोवर मला तुमची कमी काळजी वाटते.

जंतूंच्या तपासणीसाठी नमुना घेणं हे फार नाजूक काम आहे आणि ते करणाऱ्या माणसांना पुरेसं श्रेय मिळत नाही. नळाला जोडलेली प्लास्टिकची नळी, फडकं, जाळी काढायची. तोटी आतून-बाहेरून पुसायची, स्पिरिटचा बोळा पेटवून धातूची तोटी शेकायची. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. मग निर्जंतुक बाटलीचं झाकण उघडायचं, पण ते खाली ठेवायचं नाही, त्याच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. बाटली विसळायची तर अजिबात नाही. घरातली बाई मायेने म्हणते, "अहो दादा, विसळून घ्या की, आत काहीतरी पांढरं दिसतंय." तेच तर हवं असतं. ते सोडियम थायोसल्फेट असतं, क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवणारं. ते नसेल तर प्रयोगशाळेत येईपर्यंत क्लोरीन बाटलीतसुद्धा जंतू मारत राहतो आणि आम्हाला वाटतं की नळाला पाणी स्वच्छच आलं होतं.

मग बर्फाच्या पेटीत बाटल्या, प्रत्येकीवर पत्ता, वेळ, क्लोरीनचा आकडा. शक्यतो सहा तासांत त्या आमच्या हातात यायला हव्यात. पहाटे चारला पाणी येणाऱ्या वस्तीत नमुना घ्यायचा तर आमचे सहकारी तीनला घर सोडतात. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून पेटी डोक्यावर घेऊन आलेले मी पाहिले आहेत. आमच्या अहवालाचा खरेपणा त्यांच्या हातांवर अवलंबून असतो.

प्रयोगशाळेत आम्ही शोधतो ई. कोलाय. थिओडोर एशरिच या डॉक्टरने 1885 मध्ये तान्ह्या मुलांच्या शौचात तो पाहिला. हा जंतू माणसाच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात कोट्यवधींनी राहतो आणि त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. मग त्याच्यामागे का लागायचं, कॉलरा-टायफॉइडचे जंतूच का शोधत नाही, असं विद्यार्थी विचारतात. रोगाचे जंतू पाण्यात फार थोडे असतात, कधी असतात, कधी नसतात. शिवाय प्रत्येकाची तपासणी वेगळी. ई. कोलाय सापडला याचा अर्थ विष्ठा या पाण्यापर्यंत पोचली. विष्ठेला वाट सापडली की एखाद्या आजारी माणसाचे जंतू त्याच वाटेने केव्हाही येतील.

मॅककॉन्की ब्रॉथ नावाचं जांभळं द्रव्य आम्ही काचेच्या नळ्यांत भरून ठेवतो. त्यात दुधातली साखर असते आणि पित्ताचे क्षार असतात. पित्तात टिकून साखर खाणारे जंतू, म्हणजे आतड्यातले, त्यात फोफावतात. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी बुडवलेली असते. एका मोठ्या नळीत 50 मिलिलिटर पाणी, पाच नळ्यांत प्रत्येकी 10, पाचांत प्रत्येकी 1. सगळं 37 अंशांवर उबवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उबवणीच्या कपाटाचं दार उघडलं की पहिली नजर रंगावर जाते. जांभळं तसंच असेल तर ठीक. पिवळं झालं असेल आणि उलट्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा असेल तर कोलिफॉर्मचा, म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतो त्या गटाचा, संशय. मग खात्रीसाठी 44 अंशांहून थोड्या अधिक तापमानाला पुन्हा वाढवायचं आणि शेवटी थेंबभर कोव्हॅक द्रावण टाकायचं. वर लाल कडं उमटलं की ई. कोलाय. कुठल्या गटातल्या किती नळ्यांत वायू आला त्यावरून तक्त्यात आकडा पाहायचा. सगळ्याच्या सगळ्या नळ्यांत आला तर 100 मिलिलिटरला 180 च्याही वर. मानकात मात्र 100 मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

पूर्व उपनगरातल्या एका डोंगरउतारावरच्या वस्तीतलं काम सांगते. तिथल्या आरोग्य स्वयंसेविकेने कळवलं की एकाच गल्लीतली बरीच मुलं जुलाब-उलट्यांनी आजारी आहेत, शेजारच्या गल्लीत तसं काही नाही. ही स्वयंसेविका तिथेच राहणारी. कुणाच्या घरी ओआरएसची पाकिटं किती गेली हे तिला तोंडपाठ होतं. अशी माणसं नसतील तर आमची अख्खी प्रयोगशाळा आंधळी आहे.

आम्ही पाणी यायच्या आधीच गेलो. बरोबर चावीवाले काका होते. मुंबईत ठरल्या वेळी झडपा उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला चावीवाला म्हणतात, आणि जमिनीखाली काय कुठून जातं हे नकाशापेक्षा त्याला नेमकं ठाऊक असतं. काकांनी सांगितलं, "मॅडम, या गल्लीला पाणी सगळ्यांत शेवटी चढतं आणि सगळ्यांत आधी उतरतं." म्हणजे सगळ्यांत जास्त वेळ रिकामा राहणारा पाइप हाच.

नेहमीचे नमुने आपण नळ दोन-तीन मिनिटं सोडून घेतो. इथे आम्ही मुद्दाम तीन वेगळे घेतले: अगदी पहिल्या धारेचा, दहा मिनिटांनंतरचा आणि पाणी जाता जाताचा. गल्लीच्या तोंडाशी क्लोरीन भरपूर होता. मधल्या घरांपासून पुढे पहिल्या धारेत काहीच नाही, आणि दहा मिनिटांनी तिथेच फिका गुलाबी रंग आला. घाण पाणी बंद असताना शिरत होती आणि पुरवठा सुरू झाला की धुऊन निघत होती. नेहमीच्या पद्धतीने घेतलेला नमुना कदाचित चांगला ठरला असता.

एका दारात आजी बसल्या होत्या. आम्ही बाटल्या भरत होतो ते बघून म्हणाल्या, "पोरी, पहिली बादली मी कधीच प्यायला भरत न्हाई. ती लादी पुसायला. दुसरीला वास बघायचा, मग हंडा लावायचा." त्यांच्या घरात कुणी आजारी नव्हतं. त्याला हेच एक कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या तीन बाटल्यांनी जे सांगितलं ते त्या कितीतरी वर्षं पाळत होत्या.

गटाराच्या कडेने चालत गेलो. अर्ध्या इंची पाइपांचं जुडगं गटारातूनच वर चढत होतं. त्यातल्या एकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, आणि ट्यूबखालचा लोखंडी पाइप गंजून चाळण झाला होता. नळ्या पिवळ्या झाल्या त्या दुसऱ्या दिवशी. तोवर त्या जोडण्या बंद करून टँकरची सोय झाली होती. नंतर पाइप गटाराच्या वरून, भिंतीच्या कडेने नेले. त्यावरही आम्ही थांबलो नाही. लागोपाठचे नमुने, त्यातही पहिल्या धारेचे, स्वच्छ येईपर्यंत उकळून पिण्याची सूचना कायम ठेवली.

या तपासणीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. दिल्लीत 1955-56 च्या हिवाळ्यात काविळीची प्रचंड साथ आली. नजफगढ नाल्याचं सांडपाणी यमुनेत वझिराबादच्या पाणी उपशापर्यंत उलटं आलं होतं. केंद्रात क्लोरीन वाढवला गेला; टायफॉइड-कॉलऱ्याची साथ आली नाही, पण 29 हजारांवर लोकांना कावीळ झाली. तो विषाणू पुढे कित्येक वर्षांनी हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. क्लोरीनला अनेक विषाणू जंतूंपेक्षा अधिक वेळ दाद देत नाहीत, आणि गढूळ पाण्यात तर कणांच्या आडोशाने ते निभावून जातात. म्हणून गढूळपणाचा आकडा आमच्यासाठी क्लोरीनइतकाच मोलाचा आहे. मानकात तो 1 एककाच्या आत हवा, फार तर 5. इचलकरंजीत 2012 साली हीच कावीळ पसरली होती. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. आमच्या रोजच्या तपासणीत हा जंतू शोधला जात नाही. ई. कोलाय नाही म्हणून सगळं आलबेल, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही.

सोसायट्यांमध्ये वेगळंच चित्र असतं. रस्त्यावरच्या वाहिनीचं पाणी चांगलं, घरातल्या नळाचं खराब, कारण मधे जमिनीखालची टाकी. झाकण तुटलेलं, शेजारी ड्रेनेजचं चेंबर, पावसात दोन्हींतलं पाणी एक. म्हणून आम्ही टाकीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने घेतो. सचिवांना ते आवडत नाही, पण दोष कुठे आहे हे त्याशिवाय कळणार कसं?

आणि आरओ यंत्र. मुंबईच्या तलावांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी आहेत. क्षार काढण्यासाठी बनवलेलं यंत्र इथे लावून आपण पाणी वाया घालवतो आणि शिल्लक क्लोरीनही काढून टाकतो. मग तेच पाणी दिवसभर माठात, पातेल्यात राहतं, त्यात हात बुडतात, आणि त्याला राखण कसलीच नसते. शंका असेल तर पाणी खळखळून उकळावं, त्याच भांड्यात झाकून गार करावं आणि ओगराळ्याने घ्यावं. बोअरवेलच्या खारट पाण्याची गोष्ट निराळी.

तक्रार करताना "पाणी खराब येतंय" एवढंच लोक कळवतात. आम्हाला उपयोगी पडतात त्या गोष्टी अशा: पाणी किती वाजता येतं, घाण पहिल्या धारेतच असते की शेवटपर्यंत, थेट नळाला येते की टाकीच्या नळाला, शेजारच्या घरी तसंच येतं का, आणि गल्लीत नुकतंच कुठे खोदकाम झालं का. वास गटाराचा की मातीचा की गंजाचा, हेही सांगा. गढूळ पाणी बाटलीत भरून दिवसभराने आमच्याकडे आणू नका. त्या बाटलीवरून जंतूंचं काहीच सांगता येत नाही. पुढच्या पाण्याच्या वेळी आमचा माणूस दारात येईल, तेव्हा मोटर बंद ठेवा आणि तो म्हणेल तोवर नळाला बादली लावू नका. पहिली धार त्याला हवी असते.